एक पेशी, 45 तास, 107 कोटी

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब. आता आपल्या तोंडात, आतड्यात राहणारी कॅन्डिडा ही यीस्ट घ्या. तिची पेशी साधारण 5 मायक्रॉनची. एका मिलिमीटरात 200 मावतात. अशा पेशी एकीला एक लावून लायगोची एक भुजा भरायची तर 80 कोटी लागतील.

एवढ्या जमायला किती वेळ लागेल? प्रयोगशाळेत खाद्य आणि ऊब मिळाली की साधारण दीड तासात एकीच्या दोन होतात. पेशीच्या अंगाला बारीक फुगवटा येतो, वाढतो आणि सुटा होतो. एकीपासून मोजायला लागलो तर 24 तासांत 65,536. साडेएकतीस तासांत जवळजवळ 21 लाख. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या 11.77 लाख होती. आणि 45 तासांत 107 कोटी! भुजा भरून वर सव्वा किलोमीटरहून लांब रांग उरेल.

शरीरात मात्र हा हिशेब चालत नाही, कारण पहारा त्याहून मोठा आहे. जागा आणि अन्न अडवून बसलेले जिवाणू सुमारे 38 लाख कोटी. यीस्टला गिळणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी हाडांतला मगज रोज सुमारे 10,000 कोटी तयार करतो. त्यामुळे बहुतेकांच्या अंगात कॅन्डिडा जन्मभर मुकाट राहते.

पहारा ढिला पडला की ती डोकं वर काढते. अँटिबायोटिकने यीस्टला रोखणारे जिवाणू मरतात. स्टिरॉइड, एचआयव्ही, केमोथेरपी यांनी प्रतिकारशक्ती खचते. आटोक्यात नसलेल्या मधुमेहात तिला साखर आयती मिळते, आणि 2023 च्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेही 10.1 कोटी आहेत. गरोदर बाया, तान्ही बाळं, रात्रंदिवस कवळी घालणारी म्हातारी माणसं यांनाही जोखीम जास्त. पावसाळ्यात चिखलात राबून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यातही बऱ्याचदा यीस्ट असते.

चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी योनिमार्गात हा संसर्ग होतो. 2022 च्या एका अंदाजानुसार भारतात तो पुन्हा पुन्हा होणाऱ्या बायका 2.43 कोटी आहेत. यातल्या कितीजणी अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटतेय हे लाजेपोटी बोलतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. हा आजार अस्वच्छतेचा पुरावा नाही आणि त्यावर साधे, परिणामकारक उपचार आहेत.

जीवघेणं रूप वेगळं. अतिदक्षता विभागातल्या नळ्यांवाटे किंवा आतड्यातून यीस्ट रक्तात शिरते. 2024 च्या जागतिक अंदाजानुसार असा खोलवरचा संसर्ग वर्षाला 15.65 लाख लोकांना होतो आणि त्यातले सुमारे 9.95 लाख दगावतात. अपुऱ्या दिवसांची बाळं आणि शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना हा धोका अधिक.

म्हणून मेडिकलमधून मनानेच स्टिरॉइडचं मलम आणू नका, उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा. आणि बायांनो, आशाताईंना किंवा डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दर दीड तासाला दुप्पट होऊ शकणाऱ्या जिवाला लाजेची सवलत देऊ नका.