अंधारातला कारखाना आणि आयटीआयचा फॉर्म

आयटीआयचे प्रवेश सुरू झाले की एक वाक्य दरवर्षी कानावर येते. "फिटर-टर्नर होऊन आता काय करणार? पाच वर्षांत सगळे रोबोटच करणार." यंदा ते एका वास्तुशांतीच्या पंगतीत ऐकले. शेजारच्या काकांनी मोबाइल पुढे केला. दिवे बंद असलेला कारखाना, माणूस एकही नाही, फक्त यंत्रांचे हात हलताहेत. पलीकडे दहावी झालेला त्यांचा पुतण्या जिलेबी चिवडत गप्प ऐकत होता. हे त्याच्यासाठी लिहितो आहे. काकांचे मत बदलेल अशी आशा मला नाही.

असले कारखाने खरोखर आहेत, हीच पहिली अडचण. जपानात फुजी पर्वताजवळच्या ओशिनो गावी फानुक कंपनीत 2001 पासून रोबोटच रोबोट बनवतात. तिथली यंत्रे महिनाभर माणसाविना चालू शकतात, असे सांगतात. पण साल बघा. ज्या पोराला घाबरवणे चालले आहे, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. ही रीत सरसकट चालणारी असती, तर इतक्या वर्षांनंतरही चाकणच्या रस्त्यावर शिफ्टच्या वेळी कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली नसती. आणि त्या फानुकच्या पटावरही हजारो माणसे आहेत. व्हिडिओत दिसत नाहीत एवढेच.

तोच टणक, ठरल्या मापाचा जॉब लाखो वेळा करायचा असेल, तर रोबोटला तोड नाही. वस्तू लोंबती असली की तो गोंधळतो. गाडीतले वायर हार्नेस घ्या. एका गाडीत काही किलोमीटर वायर असते. मोठ्या बोर्डावर एकेक वायर मांडायची, टेप गुंडाळायची, क्लिपा बसवायच्या. जगभर हे काम अजून बहुतांशी हातानेच होते. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, पश्चिम युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने अडखळले आणि काही आठवड्यांतच जर्मनीत फोक्सवॅगन व बीएमडब्ल्यूला लाइनी थांबवाव्या लागल्या. रोबोटांनी भरलेल्या लाइनी! अडल्या कशावर, तर हाताने गुंडाळलेल्या वायरींवर.

टेस्लाला हा धडा महागात पडला. 'मॉडेल 3' जवळजवळ सगळी यंत्रांकडूनच जोडून घ्यायची, असा इलॉन मस्क यांचा बेत होता. बॅटरीवर फायबरग्लासच्या मऊ चटया ठेवायला एक रोबोट लावला. त्याला त्या धड उचलताच येईनात. शेवटी तो काढला. एप्रिल 2018 मध्ये मस्क यांनी जाहीरपणे लिहिले की अति स्वयंचलन ही चूक होती, ती आपली चूक होती आणि माणसाची किंमत आपण कमी धरली. रोबोटांवर इतका विश्वास असलेल्या माणसाची ही कबुली काकांच्या व्हॉट्सॲपवर का येत नाही, कोण जाणे.

"निम्म्या नोकऱ्या जाणार" हा आकडाही तपासू. ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी 2013 मध्ये 702 व्यवसाय तपासून अमेरिकेतल्या 47 टक्के नोकऱ्यांना स्वयंचलनाचा मोठा धोका आहे, असा अंदाज मांडला. तोच तिखटमीठ लावून फिरतो आहे. 2016 मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासाने अख्खा व्यवसाय न मोजता त्यातली कामे सुटी सुटी मोजली, तेव्हा 21 देशांची सरासरी 9 टक्क्यांवर आली. फरक कशाने पडला, ते संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवरच्या ऑपरेटरकडे बघून कळते. तो जॉब चढवतो-उतरवतो, ऑफसेट देतो, इन्सर्ट बदलतो, माप घेतो, आवाजावरून टूल गेल्याचे ओळखतो, नव्या पोराला शिकवतो आणि स्टोअरवाल्याशी भांडतो. रोबोट यातले पहिले काम घेतो. भांडायला अजून तयार नाही.

मग रोबोटमुळे कुणाचेच काम जात नाही? जाते. इथे मला काकांना थोडे मार्क द्यावे लागतात. असेमोग्लू आणि रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या 1990 ते 2007 या काळाचा अभ्यास केला. जिथे रोबोट जास्त आले, तिथे रोजगार आणि मजुरी दोन्ही घटल्याचे त्यांना आढळले. जर्मनीत चित्र वेगळे निघाले: आतल्या कामगारांना सहसा काढले नाही, त्यांची कामे बदलली, पण नव्या तरुणांची भरती कमी झाली. म्हणजे घाव बसतो तो गेटाबाहेर उभ्या असलेल्यांना.

आपल्या गेटाची गोष्ट मात्र निराळी आहे. रोबोटिक्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची 2023 ची आकडेवारी सांगते की त्या वर्षी चीनमध्ये 2,76,288 नवे औद्योगिक रोबोट बसले, भारतात 8,510. एवढ्यांनी आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या असे म्हणणे हास्यास्पद आहे. त्याउलट, सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीनुसार 2022-23 मध्ये नोंदणीकृत कारखान्यांतले 40 टक्क्यांहून अधिक कामगार कंत्राटदारामार्फत आलेले होते. काही महिन्यांत बदलायच्या पोराला रोबोटचा पेंडंट, म्हणजे हातातला कंट्रोल, चालवायला कोण शिकवणार? त्याच्यावर खर्च कशाला, हा हिशेब तिथेच संपतो. काळजी करायचीच, तर पंगतीत या आकड्याची करावी.

आणि यंत्र जितके हुशार, तितका साधा माणूस पुरे, हेही उलटे आहे. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी 1983 मध्येच दाखवले होते की नेहमीचे काम यंत्राकडे गेले की माणसाकडे उरते ते सर्वांत अवघड, आणि सराव सुटल्याने त्याचा हात नेमका तेव्हाच गंजलेला असतो. टोयोटाने म्हणूनच काही ठिकाणी हाताने फोर्जिंग करण्याच्या लाइनी पुन्हा सुरू केल्या. त्यामागे होते मित्सुरू कावाई. कॉलेजचे तोंड न पाहता, कंपनीच्या प्रशिक्षण शाळेतून आलेले हे गृहस्थ 2017 मध्ये टोयोटाचे कार्यकारी उपाध्यक्ष झाले. पुतण्या, हे नाव लक्षात ठेव.

किरकोळ गैरसमज चटकन उरकतो. 'इंडस्ट्री 5.0' हे 4.0 पेक्षा भारी मशिन नव्हे. 4.0, म्हणजे यंत्रे एकमेकांशी जोडलेला स्मार्ट कारखाना, हा शब्द 2011 च्या हॅनोव्हर प्रदर्शनात पुढे आला. जानेवारी 2021 मध्ये युरोपीय आयोगाने त्याला माणूस, पर्यावरण आणि संकटात तग धरणे या तीन गोष्टींची आठवण करून दिली. स्मार्ट कारखाना कोट्यधीशांनाच परवडतो, असे नाही: जुन्या लेथच्या वायरीभोवती करंट मोजणारा चिमटा बसवला, तरी मशिन दिवसात किती वेळ रिकामे फिरले ते कळते. छोट्या उद्योगांना असले मार्ग दाखवायला केंद्राच्या 'समर्थ उद्योग' योजनेतली सीफोरआयफोर लॅब पुण्यातच आहे. कोबॉटला, म्हणजे माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोटला, सुरक्षेची जाळी लागते की नाही, हे त्याच्या हातात काय आहे त्यावर ठरते. धारदार पत्रा असेल तर लागते.

राहिला शेवटचा: सेन्सर बसवले की कारखाना हरित झाला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार, नीट देखभाल नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरची 20 ते 30 टक्के हवा नुसती गळून जाते. सेन्सर गळती दाखवतो, पाइप बदलत नाही. जेवणाच्या सुट्टीत लाइन थांबली की ती फुसफुस उघड्या कानांनीही ऐकू येते. कुठल्या सांध्यातून, ते त्या मशिनवरचा ऑपरेटर मान वर न करता सांगतो. डॅशबोर्ड बसवताना त्याला कुणी विचारलेले नसते.