माशांचा जीव वाचवणारा घरगुती पंप

मे महिन्यात जबलपूरचा पारा ४० अंशांच्या वर चढला की घराघरांत कूलर सुरू होतात. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. अशा दिवसांत मासे वर येऊन सारखी तोंडाची उघडझाप करू लागतात. मुलांना वाटते, त्यांना भूक लागली. खरे तर बहुधा ते प्राणवायूसाठी तडफडत असतात.

पाणी जितके गरम, तितका प्राणवायू त्यात कमी विरघळतो. २० अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; ३० अंशांना जेमतेम साडेसात. उलट, उष्णतेने माशांची गरज वाढलेली असते.

भेडाघाटच्या धुवांधारला नर्मदा कोसळते तेव्हा पाण्यात भरपूर हवा मिसळते. टाकीत एवढा खटाटोप नको. तळाचे पाणी वर येत राहिले आणि पृष्ठभाग हलता राहिला की पुरे. हे काम ‘एअर लिफ्ट’ पंप करतो. कार्ल लोशर या जर्मन खाण अभियंत्याने १७९७ मध्ये ही युक्ती शोधली. उभ्या नळीत तळाशी हवा सोडली की बुडबुड्यांमुळे आतले पाणी हलके होते आणि बाहेरचे जड पाणी त्याला वर ढकलते. नळीत फिरते पाते नसल्याने इवल्या पिल्लांनाही इजा होत नाही.

साहित्य

अर्धा इंची पीव्हीसी नळी, त्याच मापाचा एल्बो, साबण व औषध न लागलेला नवा स्पंज, हवेचा छोटा पंप, त्याची प्लॅस्टिक नळी आणि हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.

कृती

एल्बो बसवल्यावर त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी येईल, अशी नळी कापावी. कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. खालच्या टोकावर स्पंज घट्ट बसवावा. स्पंजच्या लगेच वर गिरमिटाने भोक पाडून हवेची नळी त्यात खोचावी. हवा जितकी खोल सोडाल, तितके पाणी जास्त चढते. मात्र एल्बो पातळीच्या फार वर नेला तर धार मंदावते.

स्पंज कचरा अडवतोच. शिवाय त्यात वाढणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवावेत. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

हे विसरू नका

पंप टाकीच्या पाण्याहून उंच ठेवावा आणि व्हॉल्व्ह जरूर लावावा. नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. शॉक बसण्याचा धोका असतो. विजेच्या वायरीला प्लगच्या खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जात नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे.

वीज बराच वेळ गेली तर दर थोड्या वेळाने टाकीतलेच पाणी मगाने काढून वीतभर उंचीवरून परत ओतावे आणि माशांना खाणे घालू नये. टाकीवर थेट ऊन येत असेल तर पडदा ओढावा. पंपाइतकेच मोल या काळजीलाही आहे.