उलटतपासातील एक वाक्य

फौजदारी खटल्यातील साक्षींच्या नकला ज्यांनी कधी वाचल्या असतील, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहिली नसेल. सरतपासाची पाने घटनेचे कथन करीत सरळ पुढे जातात आणि उलटतपास शेवटाकडे येऊ लागला, की ओळीमागून ओळ ‘इट इज नॉट ट्रू टू से दॅट’ या एकाच इंग्रजी सांगाड्यावर उभी राहते. मी बांध कोरला हे म्हणणे खरे नाही. मी दारूच्या अमलाखाली होतो हे म्हणणे खरे नाही. मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही. एका परिचित वकिलांकडे अशी नक्कल चाळताना वाटले, की खेड्यातला मनुष्य कितीही संतापला, तरी अशा बांधणीचे वाक्य त्याच्या तोंडून निघणार नाही. मग ते कोठे आणि कोणाच्या हातून घडते, हे प्रत्यक्ष पाहावे म्हणून मी एका तालुक्याच्या न्यायालयात जाऊन बसू लागलो.

पुकारा झाला, साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला, शपथ झाली, सरकारी वकिलांनी सरतपास संपविला आणि आरोपीचे वकील उठले, इथपर्यंतचा क्रम सर्वत्र सारखाच. पाहण्यासारखे असते ते यापुढचे. वकील मराठीत विचारीत, साक्षीदार मराठीत उत्तर देई, न्यायाधीश त्या दोहोंचे मिळून एक विधान इंग्रजीत सांगत आणि मंचाखाली बसलेल्या लघुलेखिका बाई ते संगणकावर उतरवून घेत. शेजारचे लिपिक त्याच वेळी मराठी प्रत तयार करीत. प्रश्न हवेत विरून जाई, उत्तर तेवढे कागदावर राही.

ही पद्धत कोणाच्या लहरीची नव्हे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने साक्ष सामान्यतः कथनरूपाने लिहावी असे सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेनेही तोच दंडक कायम ठेवला आहे. प्रश्न गाळायचा म्हटल्यावर साक्षीदाराच्या नुसत्या ‘नाही’ला काही अर्थ उरत नाही, कारण ज्या न्यायाधीशाने या मनुष्याचे तोंडही पाहिलेले नाही, त्याच्यापुढे उद्या अपिलात हा कागद जाणार असतो आणि नाही म्हणजे काय नाही, हे त्याला कागदावरूनच कळावयाचे असते. म्हणून वकिलाचा सबंध प्रश्न उचलून उत्तरात बसवावा लागतो: आरंभी नकार, मग ‘दॅट’, आणि त्यापुढे प्रतिपक्षाचा आरोप, परंतु साक्षीदाराच्या प्रथमपुरुषात. सूचक प्रश्न उलटतपासात विचारण्याची मुभा १८७२ च्या पुरावा अधिनियमाने दिलेलीच होती. त्यातच ब्राउन विरुद्ध डन या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९३ साली जे तत्त्व सांगितले, ते आपल्याकडेही रुजले. साक्षीदाराला खोटे पाडावयाचे असेल, तर आपली बाजू त्याच्या तोंडावर मांडून त्याला उत्तराची संधी दिली पाहिजे, असे ते तत्त्व. तत्त्व न्याय्य आहे. मात्र त्याच्या पालनासाठी बचावाचे एकेक म्हणणे वकिलाला साक्षीदारापुढे ठेवावे लागते, आणि प्रत्येक म्हणण्यागणिक हे वाक्य एकदा लिहिले जाते.

“एका साक्षीत २७ वेळा लिहिलंय मी,” बाई मधल्या सुटीत म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. पुष्कळ वर्षे हे काम केलेल्या माणसाला आपल्या कामाचे वजन ठाऊक असते, तसे ते ठाऊक असल्याचा तो स्वर होता.

त्यांच्या कामातील बारकावा मला एका मारहाणीच्या खटल्यात दिसला. साक्षीदार एक वृद्ध शेतकरी होते. “बाबा, रात्रीची वेळ होती, अंधार होता आणि तुम्ही भांडणापासून शंभर पावलांवर उभे होता, बरोबर?” असे तीन पदरांचे विधान वकिलांनी एका दमात पुढे केले. म्हाताऱ्याने “हो” म्हटले आणि वकील पुढच्या प्रश्नाकडे वळलेही. परंतु बाईंची बोटे कळफलकावर थांबून राहिली, कारण म्हाताऱ्याचे ओठ अजून हलत होते. “पण चांदणं होतं की, साहेब,” ते म्हणाले. न्यायाधीशांनी वकिलांना हाताने थांबविले, तीन पदर वेगळे केले, वेळेची आणि अंतराची कबुली ‘इट इज ट्रू दॅट’ने नोंदविली, आणि अंधाराच्या जागी, साक्षीदार स्वतःहून सांगतो की चांदणे होते, असे लिहावयास सांगितले. ही चांदण्याची ओळ नसती, तर दिसणे अशक्य असल्याची कबुलीच त्या वृद्धाच्या नावावर कायमची चढली असती. मागाहून बाई एवढेच म्हणाल्या, “साहेब सांगतील तेच आम्ही लिहितो, पण उत्तर संपलं की नाही, हे आम्हालाही पाहावं लागतं.”

त्याच उलटतपासाच्या अखेरीस वकिलांनी शिरस्त्याप्रमाणे सुचविले, की आरोपीशी वैर असल्यामुळे तुम्ही खोटे सांगत आहात. वृद्धाने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. “अवो, त्याच्या बापाला खांदा दिलाय म्या!” कागदावर मात्र एवढेच उतरले, की वैरामुळे मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही. नियमाला धरून पाहता त्यात चूक काढता येणार नाही. आरोप होता, तो नाकारला गेला, नकार नोंदला गेला. तरीही त्या नोंदीपाशी माझे मन पुनःपुन्हा जाते. शेजाऱ्याच्या तिरडीला खांदा देणाऱ्या मनुष्याचे त्या घराशी काय नाते होते, हे वैराच्या आरोपाला दिलेले खरेखुरे उत्तर होते. साच्याने नकार ठेवला आणि नकाराचे कारण गाळले. नाकारलेली सूचना हा स्वतः पुरावा नव्हे, हे प्रत्येक न्यायालय जाणते. त्यामुळे अशी २७ वाक्ये ओळीने आली, की वाचणाऱ्याची दृष्टी त्यांवरून घसरत जाते, आणि ज्या एखाद्या वाक्यामागे मनुष्य उभा होता, तेही बाकीच्यांसारखेच दिसू लागते.

हा साचा मोडून टाकावा, असे माझे म्हणणे नाही. त्याच्यावाचून तुंबलेल्या दफ्तराचा निकाल लागणार नाही आणि अपिलातील न्यायाधीशाला कागद उलगडणार नाही. परंतु साक्षीचा कोणताही भाग प्रश्नोत्तररूपाने लिहून घेण्याचा अधिकार जुन्या संहितेने न्यायाधीशाला दिलेला होता आणि नव्या संहितेने तो काढून घेतलेला नाही. साक्ष देताना साक्षीदाराचे वर्तन कसे होते, याविषयी महत्त्वाचे वाटेल ते नोंदण्याची तरतूदही दोन्हींत आहे. तेव्हा २७ पैकी २६ नकार खुशाल त्या इंग्रजी सांगाड्यावर उभे राहोत; ज्या एका ठिकाणी साक्षीदाराने नुसते नाकारले नाही, तर उत्तर दिले, तेथे वकिलाचा प्रश्न वकिलाच्या नावावर आणि साक्षीदाराचे उत्तर साक्षीदाराच्या शब्दांत लिहिले जावे. त्यासाठी नवा कायदा नको, जादा खर्च नको. उत्तर संपेपर्यंत थांबण्याची जी सवय त्या लघुलेखिका बाईंच्या बोटांना होती, ती सबंध न्यायालयाने अंगी बाणविली म्हणजे पुरे.