प्रौढ वर्गातील मागची ओळ



चाळीसगाव तालुक्यातील भिल्ल वस्तीवर आपल्या देणग्यांतून चालणाऱ्या संध्याकाळच्या वर्गाबद्दल पुष्कळजण विचारतात, "ज्यांच्या डोक्यात काही शिरत नाही त्यांना तुम्ही शिकवता तरी कसे?" उत्तर देण्याआधी माझी एक चूक कबूल करतो. कापूस वेचायला जाणारी एक मावशी दोन महिने मागच्या ओळीत बसे, पाटीकडे बघतही नसे. मी तिला मनात मंद ठरवून मोकळा झालो होतो. एका रात्री तिने गंमत म्हणून शेजारणीचा चष्मा लावला आणि 'क' कुठे आहे ते लगेच दाखवले. तिला चाळिशी लागली होती, एवढेच!

तेव्हापासून नाव नोंदवताना आम्ही आधी डोळे व कान पाहतो. सुईत दोरा ओवता येतो का, मागून हाक मारली तर माणूस वळतो का, यावरून बरेच कळते. ऐकू कमी येणाऱ्याला पुढे बसवतो आणि दिव्याचा उजेड शिकवणाऱ्याच्या तोंडावर पडेल असे पाहतो, म्हणजे ओठ दिसतात. फळ्याकडे तोंड करून बोललेले त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

काहींचे डोळे-कान उत्तम, तोंडी हिशेब पक्का, तरी 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गल्लत सुटत नाही. हा आळस नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत, त्यांत शिकण्यातील विशिष्ट अक्षमताही आहे. अशांना एका बैठकीत एकच अक्षर देतो. ते चिंचोक्यांनी मांडायचे, धुळीत बोटाने गिरवायचे. सारखी दिसणारी दोन अक्षरे एका आठवड्यात घेत नाही. पण अहिराणी किंवा भिली बोलणारा पुस्तकी मराठीत अडखळला, तर त्याला या यादीत घालू नये. त्याच्या घरचा शब्द आधी घ्यावा.

याच कायद्यात सिकलसेलही आहे, आणि तो भिल्ल समाजात आढळतो. थंडी, अतिकष्ट किंवा पाणी कमी पडणे यामुळे अंग असह्य दुखते व माणूस आठवडाभर येत नाही. म्हणून आम्ही हजेरीवरून कोणाचे नाव काढत नाही. वर्गात पाण्याची घागर असते, आणि चुकलेला धडा सोबती घरी जाऊन सांगतो. मोशेला नीट बोलता येत नव्हते तेव्हा देवाने अहरोन सोबत दिला, त्यावरून आम्ही या सोबत्याला 'अहरोन' म्हणतो.

दिव्यांग प्रमाणपत्राची वाट मात्र लांब आहे. तपासणीसाठी पाचोऱ्यावरून जळगाव गाठायचे म्हणजे भाडे आणि दिवसाची मजुरी, दोन्ही जातात. आम्ही एकाला सोबत पाठवतो.

सरकारच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा १५० गुणांची असते: वाचन, लेखन व गणित, प्रत्येकी ५०. मावशीला ती द्यायची आहे, पण तिची खरी निकड वेगळी होती. कापसाची मजुरी किलोवर मिळते. मागच्या महिन्यात तिने मुकादमाच्या वहीत स्वतःच्या नावापुढे २३ वाचले. काट्यावर २८ भरले होते. तिने बोट ठेवून दाखवले, आणि त्याने आकडा दुरुस्त केला.

आणखी नऊजणांना वाचनाचे चष्मे हवे आहेत.