संहिता वस्तीची

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात संस्कृतीची उणीव आहे, असं कुणी म्हणणार नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. गडकरी रंगायतन १९७८ पासून ठाणेकरांच्या जिव्हाळ्याचं ठिकाण आहे. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानानं सुरू केली आणि ती पुढे गावोगाव पसरली. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं, तेव्हा यजमान होती आगरी यूथ फोरम ही संस्था. इथल्या मूळच्या समाजानं अख्ख्या मराठी सारस्वताला घरी बोलावलं, याचं मोल मोठं होतं.

पण याच शहरांत दुसरीही वस्ती आहे. २०११च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर होती. त्यातले कितीतरी जण वागळे इस्टेटच्या कारखान्यांमागोमाग, दुष्काळामागोमाग किंवा मुंबईत घर परवडेना म्हणून इथे आले. कुणी कोकणातून, कुणी मराठवाड्यातून, कुणी थेट उत्तर प्रदेशातून. त्यांची मुलं महापालिकेच्या शाळेत जातात, घरी एक बोली बोलतात, गल्लीत दुसरी, वर्गात तिसरी. स्वागतयात्रेच्या चित्ररथावर ही मुलं क्वचितच असतात. असली तरी त्यांनी काय घालायचं आणि कसं उभं राहायचं, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. आपण कोण आहोत, हे त्यांनी स्वतः, स्वतःच्या शब्दांत सांगावं अशी जागा कुठे आहे?

ठाण्यात ती जागा एका नाटककारानं उभी केली.

मतकरी ठाण्यात येतात

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) हे नाव मराठी घराघरात ठाऊक आहे ते ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’मुळे, गूढकथांमुळे, ‘गहिरे पाणी’ मालिकेमुळे. बँकेतली नोकरी सांभाळत त्यांनी १९६२ मध्ये ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. मोठ्यांसाठी ‘सूत्रधार’ काढली आणि ग्रामीण दलितांवरच्या अत्याचाराला थेट भिडणारं ‘लोककथा ७८’ रंगमंचावर आणलं. मुलांचं नाटक आणि समाजाचा प्रश्न या त्यांच्या दोन वाटा अनेक वर्षं शेजारून चालत होत्या.

त्या एकत्र आल्या ठाण्यात. समता विचार प्रसारक संस्था ही ठाण्याच्या वस्त्यांत काम करणारी, सामाजिक चळवळींतून घडलेली कार्यकर्त्यांची संस्था. हलाखीत राहून दहावी पार केलेल्या मुलामुलींचा ती ‘एकलव्य’ म्हणून गौरव करते. मतकरींची या कार्यकर्त्यांशी नाळ आधीच जुळलेली होती. वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास त्यांनी या संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ ही कल्पना मांडली आणि तिच्यातून ‘नाट्यजल्लोष’ हा वस्तीतल्या मुलांचा नाट्यमहोत्सव उभा राहिला.

मतकरींनी ठरवलं असतं तर या मुलांसाठी एक सुरेख नाटक लिहून दिलं असतं. हातखंडा होता त्यांचा. निवडक चुणचुणीत मुलं घेऊन ते बसवलं असतं आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांनी ते केलं नाही. विषय मुलांनी निवडायचा, प्रसंग मुलांनी रचायचे, संवाद मुलांच्या तोंडून यायचे, नट तीच आणि दिग्दर्शकही तीच. जाणत्यांनी सोबत करायची, वाट दाखवायची, पण पेन हातात घ्यायचं नाही. इतकी पुस्तकं नावावर असलेल्या लेखकानं दुसऱ्याला लिहू द्यावं, हे या उपक्रमाचं सगळ्यात मोठं धाडस होतं.

नाटक घडतं कसं

वस्तीत नाटक बसवणं म्हणजे आधी जागेशी झगडा. दहा बाय दहाच्या खोलीत तालीम होत नाही. समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा, नाहीतर गल्लीचा कोपरा, जे मिळेल ते. संध्याकाळी नळाला पाणी येतं तेव्हा मुली भांडी घेऊन जातात, धाकट्या भावाला कडेवर घेऊनच तालमीला उभ्या राहतात. कुणी शाळा सुटल्यावर दुकानात हातभार लावतो. या सगळ्यातून वेळ काढून मुलं जमतात आणि गप्पांतून विषय निघतो.

विषय शोधायला लांब जावं लागत नाही. घरातली दारू, अर्धवट सुटलेली शाळा, भावाला एक वागणूक आणि बहिणीला दुसरी, नळ, संडास, अंधश्रद्धा. मुलांनी हे पाहिलेलं असतं, सोसलेलं असतं. पण प्रसंग उभा करायचा म्हटल्यावर त्याचा विचार करावा लागतो. दारू पिऊन येणाऱ्या बापाचं काम करणाऱ्या मुलाला प्रश्न पडतो, हा बाप असा का झाला? त्याची कंपनी बंद पडली का? मारणारा माणूस आतून कसा दिसतो, हे अभिनय करताना कळतं. रोजच्या त्रासाची कारणं शोधायला लावण्याची ही ताकद भाषणात नाही.

भाषेचंही तसंच. ‘शुद्ध’ मराठीत संवाद म्हणायला लावलं की हीच मुलं पाठांतर केल्यासारखी बोलतात. घरची बोली तोंडात आली की हात मोकळे होतात, मान वर जाते. मराठवाड्याची आजी मराठवाड्यासारखीच बोलली पाहिजे आणि शेजारची भाभी तिच्या हिंदीत. शाळेत ज्या बोलण्यासाठी हसं होतं, त्याच बोलण्याला रंगमंचावर टाळी मिळते, तेव्हा मुलाचा स्वतःकडे बघण्याचा डोळा बदलतो. अस्मितेचं याहून खरं शिक्षण मला दुसरं माहीत नाही.

मुळं इथलीच

जगाच्या रंगभूमीवर अशा प्रयत्नांचं मोठं नाव म्हणजे ब्राझीलचे ऑगस्टो बोआल. प्रेक्षकानं नाटक थांबवावं, नटाच्या जागी स्वतः उभं राहावं आणि प्रसंगाचा शेवट बदलून दाखवावा, ही त्यांची रीत. बंगालमध्ये १९८५ साली स्थापन झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था खेडोपाडी ती राबवते आहे. पण महाराष्ट्राला हे अगदी परकं नव्हतं. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी हेच केलं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच डफ उचलला, सोंग घेतलं आणि आपल्याच लोकांसमोर आपलं दुःख मांडलं. नाट्यजल्लोष त्या वंशातला आहे.

जुन्या ठाणे जिल्ह्यानं आणखी एक धडा दिलेला आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तोवर वारल्यांचं डहाणू ठाण्यातच होतं. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहायचा मान बायकांचा. लग्न लावणारी धवलेरी गाणार, सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहिणार. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर गेले. त्यांनी कागद आणि रंग दिले, काय काढायचं ते सांगितलं नाही. जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर आपलं जग उतरवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज शहरात जागोजाग वारली चित्रांची शिबिरं होतात, कपांवर आणि कुर्त्यांवर त्याच आकृत्या गिरवल्या जातात. त्यांत शिकवायला वारली माणूस क्वचित दिसतो. कुलकर्णींनी साधन दिलं आणि ते बाजूला झाले. बहुतेक शिबिरं नमुना देतात आणि कारागिराला बाजूला करतात.

आपलं सांगणं आपल्याच हाती कसं राहावं, हा प्रश्न कल्याण-डोंबिवलीच्या आगरी गावांपुढेही आहे. मिठागरं गेली, भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. हळदीला धवला गाणाऱ्या धवलारणी म्हाताऱ्या झाल्या. त्यांची गाणी टिपून ठेवणं गरजेचं आहेच. पण त्यांच्या नातीला आज काय म्हणायचंय, हेही विचारायला हवं. जमीन विकून आलेला पैसा, गेलेली शेती, शेजारच्या टॉवरमध्ये राहणारी मैत्रीण: हे सगळं आगरी बोलीतल्या नाटकात यायला हवं.

आता पुढे

मतकरी १७ मे २०२० रोजी करोनानं गेले. त्यांच्यामागे हा रंगमंच थांबला नाही. पत्नी प्रतिभा मतकरी, कन्या सुप्रिया विनोद आणि समता विचार प्रसारक संस्थेचे कार्यकर्ते यांनी तो चालू ठेवला. तरी एका संस्थेच्या खांद्यावर एवढ्या मोठ्या नगरांचा भार टाकून चालणार नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे नाट्यगृहं आहेत, शाळा आहेत. रविवारी ज्या शाळांना कुलूप असतं, त्यांचे वर्ग तालमीला उघडावेत. गडकरी रंगायतन, कल्याणचं अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर यांच्या तारखांत वस्तीच्या नाटकांसाठी काही दिवस विनाभाडं राखून ठेवावेत.

आणि आपण लिहिणाऱ्यांनी, चित्र काढणाऱ्यांनी, नाटक करणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या वस्तीत जावं. जाताना संहिता नेऊ नये. मुलांनी पहिला संवाद म्हणेपर्यंत धीर धरावा, तो आपल्याला आवडला नाही तरी बदलू नये, आणि प्रयोगाच्या दिवशी लेखक म्हणून त्यांचीच नावं पुकारली जातील एवढं पाहावं. मराठी संस्कृती जपायची आपल्याला कळकळ आहे, तर ती रोज नव्यानं घडवणाऱ्या या मुलांना तिचे लेखक म्हणून मान द्यायला हवा.