समुद्रापासून लांब, म्हणून मोलाची

भंडारा जिल्हा धानाचा, तलावांचा. कवडीचा जीव मात्र खाऱ्या पाण्यातला. तरीही पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, झडत्यांची गाणी सुरू झाली, की मठाट्या आणि घुंगरमाळांसोबत कवड्यांच्या माळाही दिसतात.

माळेतली एखादी कवडी नीट पाहावी. पोटाकडे दोन्ही काठांना दाते असलेली अरुंद फट असते. पाठीचा फुगवटा बहुधा फोडून काढलेला असतो. त्यातून दोरा ओवता येतो आणि कवडी पट्ट्यावर सपाट बसते. जिवंतपणी ही समुद्री गोगलगाय फटीतून मऊ त्वचेचे दोन पदर बाहेर काढून पाठ झाकून घेते. या पदरांतूनच कवचावर नवे थर आणि नक्षी चढते. त्यामुळे पाठीला सहसा ओरखडाही पडत नाही. तिची चकाकी घासूनपुसून आणलेली नाही, अंगचीच आहे.

ही कवडी एके काळी नाणे म्हणूनही चाले. या नाण्याच्या कवडीचे मोठे आगर मालदीव. चौदाव्या शतकात तिथे राहिलेल्या प्रवासी इब्न बतूताने लिहून ठेवले आहे, की लोक कवड्या खड्ड्यात पुरत, मांस कुजले की पांढरे कवच उरे, आणि ते देऊन बंगालचा तांदूळ घेत. बेटांवर सोन्याच्या एका दिनारला चार लाख कवड्या मिळत. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत त्याच दिनारला ११५०! किनारा जितका लांब, तितका भाव चढा.

हिशेबही पक्का होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण. बंगालकडे ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण. वाट वेगळी, बेरीज ८०च. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधल्या सिल्हेटचा सरकारी महसूलही कवड्यांतच जमा होई. कवडी कुजत नाही, सहज फुटत नाही आणि सहज खोटीही पाडता येत नाही.

मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपी व्यापाऱ्यांनी झांजिबारकडच्या कवड्या जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत ओतल्या आणि भाव कोसळला. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या नाण्यांनी तिला बाजारातून उठवले.

देवीच्या दारातून मात्र ती उठली नाही. तुळजापूरच्या भवानीच्या आराध्यांच्या, गोंधळ्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ आजही आहे. चलन म्हणून टिकायला कवडीला दुर्मीळपणा लागत होता. माळेत राहायला ती पांढरी, टणक आणि देखणी असली तरी भागते.