जादा भावाचं पेट्रोल टाकलं की गाडी जादा चालते का?

मैत्रिणींनो, गेल्या काही महिन्यांत गटांची खर्चाची व्हाउचर बघताना एक गोष्ट सारखी नजरेला येतेय. पेट्रोलच्या पावतीवर साध्या पेट्रोलऐवजी ‘एक्सपी 95’, ‘पॉवर 95’, ‘स्पीड’ अशी नावं असतात आणि लिटरमागे सात-आठ रुपये जादा लागलेले असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, “ॲव्हरेज चांगलं मिळतं असं पंपावर सांगितलं.” कुणाच्या गटाची भाजी बाजाराला नेणारी व्हॅन आहे, कुणी अंतर्गत कर्ज काढून स्कूटी घेतलीय, कुणाच्या घरची जुनी कार आठवड्याला तालुक्याला जाते. गाडी कुठलीही असो, प्रश्न एकच आहे: हे जादा पैसे गाडी परत देते का?

उत्तर आधीच सांगून टाकते. ज्या गाडीच्या कंपनीनं साधं पेट्रोल चालेल असं लिहून दिलंय, त्या गाडीत महागाचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज एवढं वाढत नाही की जादा पैसे वसूल होतील. बहुतेक वेळा फरक कळतसुद्धा नाही. आता हे असं का, ते नीट समजून घेऊ. म्हणजे पंपावरच्या मुलानं आग्रह केला तरी तुम्हाला त्याच्याशी बोलता येईल.

सगळा घोळ त्या 95 च्या आकड्यामुळे होतो. आपण डेअरीत दूध घालतो. फॅट जास्त लागली की दर जास्त मिळतो, कारण दुधात खरोखर काहीतरी जास्त असतं. तसंच 95 च्या पेट्रोलमध्ये 91 पेक्षा जास्त ताकद असणार, असं मनात बसतं. पण हा आकडा फॅटसारखा नाही. त्याला ऑक्टेन म्हणतात आणि तो ताकद मोजतच नाही.

मग काय मोजतो? इंजिनाच्या आत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण येतं. पिस्टन ते दाबतो आणि नेमक्या वेळी प्लग ठिणगी टाकतो. ठिणगीपासून आग पसरते आणि पिस्टनला खाली रेटते, त्यावर चाक फिरतं. आता हवा जोरात दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, ते मुख्यतः याच्यामुळेच. इंजिनात दाब आणि उष्णता फार झाली तर काही मिश्रण आगीची वाट न बघता स्वतःहूनच भडकतं. तेव्हा आतून टकटक, खडखड असा आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. एका उखळात दोघी कांडत असल्या आणि एकीचा ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळतं, तसं समजा. जोर तेवढाच लागतो, पण काम होत नाही आणि हाताला झटका बसतो तो वेगळाच.

ऑक्टेन म्हणजे दाब सोसून, स्वतःहून न भडकता ठिणगीची वाट बघायची पेट्रोलची क्षमता. आकडा मोठा, तेवढी सोसायची क्षमता जास्त. ऑक्टेन वाढलं म्हणून एका लिटरमधली उष्णता वाढत नाही. आणि गाडी किती किलोमीटर चालणार ते त्या उष्णतेवर आणि इंजिन तिचा किती उपयोग करतं त्यावर ठरतं.

म्हणून काही गाड्यांना मोठा आकडा खरंच लागतो. ज्यांच्या इंजिनात मिश्रण खूप जास्त दाबलं जातं, अशा महागड्या कार आणि शर्यतीच्या धाटणीच्या मोटारसायकली. त्यांच्यात कमी ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर नॉकिंग टाळायला गाडीतला कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो आणि थोडी ताकद जाते. अशा गाड्यांतसुद्धा फायदा किती? अमेरिकेतल्या ‘एएए’ या मोटारचालकांच्या मोठ्या संघटनेनं दोन वेळा चाचण्या केल्या. 2016 मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम टाकून बघितलं, तर सांगण्यासारखा फायदा दिसला नाही. 2017 मध्ये, प्रीमियम टाकलं तर बरं अशी कंपनीची शिफारस असलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा ॲव्हरेज सरासरी 2.7 टक्के वाढलं. म्हणजे ज्या गाड्यांना त्याचा उपयोग आहे, तिथेही तीन टक्क्यांच्या आतच.

आपल्या गाडीला काय लागतं हे बघायला मेकॅनिक लागत नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढा, किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूचं स्टिकर बघा. आपल्याकडच्या नेहमीच्या स्कूटी, साध्या मोटारसायकली, छोट्या कार, व्हॅन यांना बहुतेक करून साधं पेट्रोल पुरतं. पुस्तकात 91 लिहिलं असेल तर 91 किंवा त्याच्यावरचं काहीही चालतं आणि त्याच्यावर पैसे घालायची गरज नाही. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, ते सांगतात.

आता यातली खरी गंमत. 2025 पासून पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजे ‘ई-20’, त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. उसाची मळी, उसाचा रस, मका, तांदूळ यांपासून बनणारं. इथेनॉलचं ऑक्टेन जात्याच जास्त असतं, त्यामुळे मिसळल्यावर साध्या पेट्रोलचंही वाढतं. केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट 2025 मध्ये स्वतःच सांगितलं की साधं पेट्रोल आता 95 ऑक्टेनपर्यंत गेलंय. मग ‘95’ अशी पाटी बघून जादा पैसे देण्यात काय राहिलं?

पण इथेनॉलची दुसरी बाजूही सांगायला हवी. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. ऑक्टेन वाढलं आणि उष्णता घटली, दोन्ही एकाच वेळी! नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात अंदाज दिलाय: जुन्या, बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि 10 टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकीत ई-20 मुळे ॲव्हरेज 6 ते 7 टक्के कमी होऊ शकतं, तशाच दुचाकीत 3 ते 4 टक्के, आणि थोड्या नव्या धाटणीच्या चारचाकीत 1 ते 2 टक्के. म्हणजे “पूर्वीएवढं ॲव्हरेज देत नाही” ही तुमची तक्रार अगदीच मनाची नाही. फक्त त्याच्यावर उपाय म्हणून महागाचं पेट्रोल टाकलं तर दुखणं एक आणि औषध दुसरंच, असं होतं. प्रीमियम घेतलं म्हणजे इथेनॉल टळलं, असंही धरून चालू नका.

हिशेब करून बघू. समजा साधं पेट्रोल 105 रुपये आणि प्रीमियम 113 रुपये लिटर आहे. तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही हेच करू शकता. व्हॅन लिटरला 15 किलोमीटर देते आणि महिन्याला 1500 किलोमीटर चालते. म्हणजे 100 लिटर. प्रीमियमसाठी महिन्याला 800 रुपये जादा, वर्षाला 9600. हे पैसे वसूल व्हायचे तर व्हॅननं 15 ऐवजी 16.1 किलोमीटर द्यायला हवेत. 50 देणाऱ्या स्कूटीनं जवळपास 54. साडेसात टक्क्यांची वाढ! वर अमेरिकेतल्या गाड्यांचा आकडा दिलाय, तो आठवा. 9600 रुपयांत गाडीच्या विम्याला हातभार लागतो, नाहीतर एखाद्या ताईचं छोटं अंतर्गत कर्ज निघतं.

पैशापेक्षा मोठं नुकसान कधीकधी वेगळंच असतं. एका गटातली गोष्ट सांगते, गाव-नाव सांगत नाही. त्यांची व्हॅन गटातलीच एक ताई चालवते. पूर्वी ती व्हॅन 16 चं ॲव्हरेज द्यायची, ते हळूहळू साडेचौदावर आलं. मासिक सभेत कुणीतरी हळूच बोललं, “पेट्रोल जातंय कुठं?” तोंडावर कुणी आरोप केला नाही, पण त्या ताईला कळायचं ते कळलं. तिनं काय करावं? प्रीमियम टाकायला लागली आणि वरचा फरक स्वतःच्या खिशातून भरायला लागली, ॲव्हरेज वाढून आपल्यावरचा संशय जावा म्हणून. दोन महिने असं चाललं. ॲव्हरेज होतं तिथंच राहिलं.

शेवटी गाडी उभी करून बघितली तेव्हा मागच्या एका चाकाचा ब्रेक चिकटत होता, म्हणजे ब्रेक लावून गाडी चालवावी तसं रोज चाललं होतं. दोन टायरमध्ये हवाही कमी होती. ते दुरुस्त केल्यावर ॲव्हरेज साडेपंधराला आलं, तेही साध्या पेट्रोलवर. माणसावर बोट ठेवायच्या आधी टायरवर ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सभेत झालेली कुजबुज इतिवृत्तात लिहिली जात नाही, पण ती मनातून पुसली जायला ब्रेकपेक्षा जास्त दिवस लागतात.

ॲव्हरेज खरं किती, हे काट्याकडे बघून किंवा “पाचशेच्या पेट्रोलमध्ये किती दिवस चालली” यावरून कळत नाही. टाकी फुल्ल करायची पद्धत वापरा. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, त्यानंतर “राउंड फिगर करा” म्हणून वरून ओतून घेऊ नका. मीटरचे किलोमीटर लिहा. गाडी रोजच्यासारखी चालवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच आपोआप बंद होईपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले या वेळी बसलेले लिटर, हे तुमचं ॲव्हरेज. एकदा मोजून उपयोग नाही. साध्या पेट्रोलवर तीनदा मोजा. तरीही प्रीमियमची शंका राहिली तर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनात प्रीमियमवर तीनदा मोजा. बाजाराच्या दिवशी भरलेली व्हॅन आणि रविवारची रिकामी व्हॅन यांची तुलना करू नका.

माप कमी मिळतंय असं वाटलं तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागायचा ग्राहक म्हणून तुम्हाला हक्क आहे. पाच लिटरमध्ये 25 मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्याच्यावर नाही. लाजू नका, दोघी मिळून जा.

बाकी ॲव्हरेज कशानं वाढतं ते तुम्हाला माहीत आहे, फक्त ते फुकटचं आहे म्हणून आपण त्याला किंमत देत नाही. टायरची हवा पंधरा दिवसांतून एकदा बघणं, एअर फिल्टर साफ ठेवणं, 45 ते 55 च्या एकसारख्या वेगानं चालवणं, रिकामे क्रेट विनाकारण गाडीत न फिरवणं. आणि मोबाइलवर बोलत गाडी चालू ठेवून उभं राहणं बंद करा, कितीजणी करतात ते मी बघते!

प्रीमियममध्ये इंजिन आतून स्वच्छ ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात, हे खरं आहे. त्यानं इंजिनाला बरं वाटत असेलही, पण सर्व्हिसिंग वेळेवर होत असेल तर त्याच्यासाठी रोज आठ रुपये मोजायची गरज मला दिसत नाही. चढावर भरलेली गाडी टकटक वाजत असेल तर पेट्रोल बदलण्याआधी मेकॅनिकला दाखवा. गाडीच्या पुस्तकातच 95 किंवा त्याहून जास्त लिहिलं असेल, तर मात्र तेच टाका, तिथे काटकसर करू नका. डिझेल आणि सीएनजीच्या गाड्यांना यातलं काही लागू नाही.

ज्या गटांची स्वतःची गाडी आहे त्यांनी पुढच्या मासिक सभेपासून पेट्रोलच्या व्हाउचरवर तीन गोष्टी लिहाव्यात: मीटरचे किलोमीटर, लिटर आणि पेट्रोलचा प्रकार. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की लेखापाल ताईंबरोबर बसून आपण त्या गावातच बघू. वही मी आले की दाखवा.